सेकंडहँड व्हॅनमधून जुळलेली सोयरीक

आमच्या घरात रोज नवीन असं फक्त वर्तमानपत्र येतं, आणि तेही मी शेजाऱ्यांचं वाचून झाल्यावर आणतो.

वसुधा, म्हणजे माझी बायको, याला कंजूषपणा म्हणते. मी तत्त्व म्हणतो. बोईसर-तारापूरकडे माणसांच्या सतत बदल्या होत असतात, आणि बदली झालेल्या माणसाइतका उदार माणूस जगात नसतो. ट्रक दारात उभा, बायको चिडलेली आणि कपाट जिन्यातून उतरायला तयार नाही, अशा नाजूक क्षणी मी तिथे पोचतो. आमचा सोफा असाच आला, फ्रिज असाच आला, ते कपाटही शेवटी आमच्याकडेच उतरलं.

जुन्या वस्तूंचे फायदे लोकांना कळतच नाहीत. नव्या सोफ्यावर पाहुणा चहा सांडेल म्हणून जीव टांगणीला लागतो. आमच्या सोफ्यावर सगळं आधीच सांडून झालंय! नवा फ्रिज गप्प असतो, त्यामुळे तो चालू आहे का हे उठून बघावं लागतं. आमचा चालू असला की समोरच्या इमारतीलाही कळतं. कपाटाचा एक खण उघडतच नाही, म्हणून मी मूळ मालकांना फोन करून विचारलं, “आत तुमचं काही राहिलं तर नाही ना? मला झोप लागत नाही हो.” त्यांनी नंबर बदलला.

तर, केतकीचं, आमच्या मुलीचं, जमत आलं होतं. मुलगा मिहीर, केळव्याचा. नारळ-सुपारीची वाडी, सज्जन घर. मुलामुलीची पसंती झालेलीच होती. (ती कधी आणि कुठे झाली, हे मला विचारायची बंदी आहे.) अडलं होतं फक्त मिहीरच्या आईपाशी. काकी फार कडक, असा बोलबाला होता. श्रावणात त्यांच्या उंबऱ्याच्या आत कांदासुद्धा येत नाही म्हणे! आणि त्यांनी आम्हाला ऐन श्रावणातच बोलावलं होतं. त्या ‘हो’ म्हणाल्या तर लग्न, नाही म्हणाल्या तर केतकीचं रडणं.

“रिक्षानं जायचं नाही,” वसुधानं बजावलं. “नीट स्वतःच्या गाडीनं जायचं.”

मी आदल्या दिवशी गाडी घेतली. एडवणच्या एका गृहस्थाची व्हॅन.

“साहेब, एका हातातली गाडी हाय,” तो म्हणाला. “रोज ठरलेला रस्ता, ठरलेली गिऱ्हाइकं.”

“गिऱ्हाइकं?”

“म्हंजे मानसं हो!”

त्यानं स्वतः ती आमच्या आवारात आणली, मोठा वळसा घालून तोंड रस्त्याकडे करून उभी केली आणि चावी देऊन घाईघाईनं गेला. आत शिरलं की देवळात आल्यासारखं वाटे. कापूर, उदबत्ती, डॅशबोर्डवर लिंबं. मालक भाविक असणार! सकाळी बघतो तर आळीतली झाडून सगळी मांजरं गाडीखाली बसलेली.

“बघ, मुक्या जिवांनासुद्धा पसंत पडली,” मी म्हणालो.

वसुधानं नाकाला पदर लावला. “गाडी जुनी आहे हे तिथे बोलायचं नाही. खरं तर तुम्ही तिथे काही बोलूच नका.”

केळव्याला पोचलो. वाड्यांमधल्या त्या गल्ल्या! दोन्हीकडे कुंपण, मधून एक गाडी जेमतेम, वळवायचं नावच नको. मी श्वास रोखून, आरसे सांभाळत चाललो होतो.

“बाबा, घर मागे राहिलं,” केतकी म्हणाली.

“तुला कसं माहीत?” वसुधानं विचारलं.

विषय बदलावा म्हणून मी रिव्हर्स गिअर टाकला. आणि गाडीच्या टपावरून, कानाचे पडदे फाटतील अशा आवाजात, एक बाई ओरडली:

“आला गो आला, ताजा म्हावरा आला! पापलेट हाय, बोंबील हाय, करंदी हाय! भांडी घेऊन बाहेर या गो बायांनो!”

मी दचकून ब्रेक मारला. गाडी थांबली. बाई थांबेना! गाडी बंद केली. तरी बाई सुरूच! नंतर कळलं ते असं, की या गल्ल्यांत गाडी वळत नाही म्हणून मासेवाले उलटेच आत शिरतात. मागचं दार गिऱ्हाइकाकडे, तोंड पळायच्या दिशेला. एडवणकर हुशार! त्यानं ध्वनिमुद्रित आरोळी गिअरलाच जोडून टाकली होती.

दारं उघडली. जनीमावशी नावाची शेजारीण सगळ्यांत पुढे. कमरेवर हात ठेवून ती माझ्यावर कडाडली, “श्रावनात आलास? लाज नाय वाटत मेल्या?” मग खिडकीत डोकं घालून हळूच, “करंदी किती हाय?”

“अहो मावशी, आम्ही मुलगी घेऊन आलोय!”

“ती ऱ्हाऊ दे. करंदी नाय काय?”

तिच्या पदराखाली ताट होतं. बघता बघता गल्लीभर पदर, आणि प्रत्येक पदराखाली ताट! “आमी कायी घेनार नाय हां, नुसतं बघायला आलो,” म्हणत सगळ्यांनी मागच्या दाराला गराडा घातला. मांजरंही आली. (ती केळव्याचीच असावीत. पण त्यांतली एक-दोन आमच्या आळीतली वाटली.) टपावरची बाई आता “बोंबील हाय गो, बोंबील!” या ओळीवर अडकली होती.

आणि ओट्यावर काकी येऊन उभ्या राहिल्या. कपाळाला गंध, हातात पूजेचं तबक.

“आई गं,” केतकी म्हणाली आणि सीटच्या खाली सरकली. तिचे डोळे भरले होते.

तेवढ्यात मिहीरचे वडील, नाना, हसत पुढे आले. “या या! वाट गावली ना?” असं म्हणत त्यांनी सहज माझ्या दारातून हात आत घातला, सीटखाली चाचपडून एक बटण दाबलं, आणि टपावरची बाई गप्प झाली.

गल्लीभर पदर नानांकडे वळले. मांजरंही वळली.

“अवो,” काकी ओट्यावरून म्हणाल्या, “बटन सीटखाली हाय ते तुमाला कसं ठाव?”

नाना बटणावरचा हात घाईघाईनं मागे घेऊ लागले. त्या सज्जन माणसाचा संसार माझ्या रिव्हर्समुळे बुडताना मला बघवेना. मी गाडीतून उडीच मारली.

“काकी, त्यांचा दोष नाही! दोष माझा! ही गाडी जुनी आहे. कालच घेतली. मासळीची आहे हे मला ठाऊक नव्हतं, पण मांजरांवरून मला कळायला हवं होतं!”

“अहो!” वसुधा.

“आमचा सोफा जुना आहे, फ्रिज जुना आहे. हा सदरा माझ्या साडूचा आहे. हे घड्याळ बंद आहे, पण दिसायला बरं दिसतं म्हणून घातलं. आमच्या घरात नवीन असं काही नाही. नवीन म्हणाल तर एक केतकीच—”

“बाबा!!”

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलले. मग तबक हललं. मग त्यांनी ओट्यावर बसूनच घेतलं आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर त्या हसल्या.

“बगा,” त्या नानांना म्हणाल्या, “हा मानूस कोनी न इचारता सगलं सांगतो. आनि तुमी श्रावनात वाडीच्या मागं जाऊन याच गाडीचे बोंबील खाता, ते पंधरा वर्सं इचारलं तरी सांगत नाय!” मग केतकीला हाताला धरून गाडीतून काढलं. “ये गो पोरी. बापूस असा हाय म्हंजे तुलाबी कायी लपवता येनार नाय. मला अशीच सून पायजे.”

नाना त्या दिवशी आमच्याबरोबर बसून निमूटपणे भोपळ्याची भाजी जेवले. दोनदा मागून घेतली.

मी लगेच त्या आरोळीची वायर काढून टाकायला निघालो होतो. काकींनीच अडवलं. “खबरदार! लोकांना मजा येते.”

लग्न होऊन गेलं. केतकी मजेत आहे. जुनी वस्तू घेतल्यानं काय मिळतं, असं कुणी विचारलं तर मी आता छाती काढून सांगतो, मला जावई मिळाला! मुलीला भेटायला केळव्याला गेलो की गल्लीत उलटाच शिरतो, दुसरा इलाजच नाही. टपावरची बाई ओरडते, दारं उघडतात, ताटं बाहेर येतात. जनीमावशी मागचं दार उघडून आत वाकून बघते, दार आपटते आणि साऱ्या गल्लीला निराश आवाजात सांगते:

“जावा गो घरी! माल नाय, पोरीचा बापूसच हाय!”