मूठभर कोंडा

मामाजी, म्हणजे माझे सासरे, मासोळीचं बीज वर्षभर उपाशी ठेवायचे. धानोऱ्याच्या वाटेवर आमचं गाव, धानाच्या बांधाला लागून आमची बोडी, म्हणजे शेतातलं छोटं तळं. त्याच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात बोटाएवढी पिल्लं दाटीवाटीनं कोंडायची, जेमतेम जगतील एवढंच टाकायचं. नवी नवरी असताना मी भांडायचे, "काऊन छळता मुक्या जिवाले?"

"खुंटू दे. मंग बोडीत सोडल्यावर पाह्यजो, कशी सुटते ते."

आणि खरंच, पोटभर मिळायला लागलं की ती भराभर वाढायची. फक्त सोडल्यावर पहिले आठ दिवस मूठभरच कोंडा. एका वर्षी मला राहवलं नाही, चोरून टोपलीभर ओतला. सकाळी निम्म्या मासोळ्या पोट वर करून तरंगत होत्या. मामाजी रागावलेसुद्धा नाहीत. "उपाशी आतडं असते ते, पोरी. त्याले हळूहळू द्या लागते."

मागच्या वर्षी मामाजी तापानं पडले. तीन आठवडे पोटात चहापाण्याशिवाय काही नाही. गडचिरोलीच्या दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा नुसती हाडं उरली होती. निघताना नर्सबाईंनी बजावलं होतं, पेज द्या, थोडी थोडी. पण दारात पाय ठेवताच ते म्हणाले, "भात झाला का?" तीन आठवड्यांनी माणूस जेवण मागतोय! आनंदानं मला काही सुचेना. भरून भात वाढला, वर मासोळीचा रस्सा.

मध्येच माझा हात थांबला, खोटं कशाला सांगू. ती सकाळ आठवली. "मामाजी, हळू. उपाशी आतडं आहे."

"मी काय मासोळी आहो का? वाढ!"

आम्ही दोघंही खो खो हसलो. मी वाढलं. दुसऱ्या दिवशीही वाढलं. तिसऱ्या दिवशी पाय सुजले, धाप लागली, आणि दवाखान्यात नेताना गाडीतच ते गेले.

"इतक्या उपासानंतर शरीराला एकदम अन्न झेपत नाही," डॉक्टर मला समजावत होते. अहो, मला ठाऊक होतं! ज्यांनी शिकवलं, त्यांनाच मी ताट भरून दिलं.

यंदा बीज मीच सोडलं. आज पाचवा दिवस. काठावर उभी राहिले की शेकडो तोंडं आ वासून वर येतात, आणि पाठीमागून तोच हसरा आवाज येतो, "वाढ!" मला वळून पाहायची भीती वाटते. मूठभर कोंडा टाकते, टोपली पदराखाली घेते.

"नाई मामाजी," मी म्हणते, "आज नाई वाढणार."