सुतळीपलीकडची कौलं

माझ्या धाकट्या दिराला मी माफ करणार नाही, आणि त्याच्याआधी माझ्या नवऱ्याला. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला समजूतदार बाई समजायला नको.

आमचं घर मांडवीला, समुद्राच्या वाऱ्यात. सासरे गेल्यावर दोघा भावांनी घरात मधोमध भिंत घातली. अर्धं आमचं, अर्धं दिराचं. दीर मुंबईला असतो, त्यामुळे त्याचं अर्धं घर गणपती आणि मे महिना सोडला तर कुलपात. वाटण्या झाल्या तेव्हा भांडी वाटली, माड वाटले, विहिरीवर कुणी कधी पाणी भरायचं तेसुद्धा वाटून घेतलं. छप्पर तेवढं एकच राहिलं. एकच आढं, म्हणजे माथ्याचं लाकूड, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेलं आणि त्यावरून पुढेमागे उतरलेली मंगलोरी कौलं.

कौलारू घराला दर उन्हाळ्यात हात लावावा लागतो. खाऱ्या वाऱ्याने खिळे झडतात, उन्हाने कौलांखालच्या रिपा वाकतात, कौलं सरकतात. दिराच्या वाटणीच्या माडाची झावळ पडते ती दोन-चार कौलं घेऊनच खाली येते. आम्ही आमची बाजू दर वर्षी चाळून घेतो, म्हणजे कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा लावून घेतो. दीर त्याच्या बाजूकडे मान वर करूनही बघत नाही. गेल्या पावसात तिकडचं पाणी आढ्यावरून फिरून माझ्या गॅसवर ठिपकायला लागलं. चार महिने मी शेगडीशेजारी पातेलं लावून स्वयंपाक केला. फोन करून सांगितलं, तर म्हणाला, "मे महिन्यात येतो ना वहिनी, बघू मग."

मे महिन्यात आला. आमच्या बाजूची कौलं उतरवून सुतार वर काम करत होता. ऊन असं की कौलाला हात लावला तर चटका बसावा. तो बापडा गुडघ्यांखाली ओलं गोणपाट घेऊन बसला होता. भिंतीच्या रेषेशी पोचल्यावर त्याने वरूनच हाक मारली, "वयनी, तिकडचे वासे पार गेले हो. बोट घातलां की भुसा येतो. आत्ताच बदला. नायतर ह्या पावसात आढां बसेल, आन् आढां बसलां की तुमचीपण बाजू खाली."

दीर ओटीवर आंबा चोखत बसला होता. उठला, हात धुतले, पुसले आणि म्हणाला, "माझ्या बाजूच्या एका कौलाला हात लावायचा नाय हां."

"भावोजी, तुम्ही काही करू नका. सगळं आम्हीच करतो."

"ताच तर नको. आज कौलं बदलाल, उद्या बोलाल, घर आम्ही सांभाळलां, घर आमचां."

घर पडलं तरी चालेल, पण भावाने डागडुजी करता कामा नये! पडलेलं घर निदान आपलं तरी असतं. मी हे थट्टेने लिहीत नाही. असल्या भीतीने मातीला मिळालेली घरं कुणालाही दाखवीन, लांब जायला नको.

मग त्याने सुतळीचा गुंडा मागितला, तोही माझ्याच घरातला. भिंतीच्या बरोब्बर वर, पुढच्या वळचणीपासून आढ्यावरून मागच्या वळचणीपर्यंत, सुताराकडून ती ताणून बांधून घेतली. "ह्याच्या पलीकडे कोण जायचां नाय, दादा."

दादा म्हणजे माझा नवरा. दादा म्हणाला, "बरं."

लग्न होऊन आल्यापासून भावासमोर या माणसाच्या तोंडून 'बरं' आणि 'बघू' यांखेरीज तिसरा शब्द मी ऐकलेला नाही. माझ्याशी भाजीतल्या मिठावरून तासभर वाद घालतो. त्या दिवशी मी दोघांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. दीर आंब्याची पेटी घेऊन मुंबईला गेला आणि मी जेवले नाही.

तो गेल्यावर एका सकाळी मी मासळी घेऊन घरी आले, तर माझा नवरा छपरावर, सुतळीच्या पलीकडे! तो आणि सुतार. काही कुजके वासे काढून नवीन बसवलेले, आणि आमच्या बाजूला नवीन घालून उतरवलेली जुनी कौलं तिकडे लावायचं चाललेलं.

"अहो, हे काय?"

"हळू बोल. नवीन कौल रस्त्यावरनं लाल दिसतां. ही शेवाळलेली जुन्यात मिसळतात."

मला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण शिडी चढून डोकावून बघेपर्यंतच. कौलं काढलेल्या जागेतून दिराच्या बंद खोलीत लख्ख ऊन पडलं होतं. खाली जमिनीवर बादल्या, पातेली, एक परात, प्रत्येक फटीखाली नेमकी मांडून ठेवलेली. पलंग ओढून कोरड्या कोपऱ्यात, वर प्लास्टिक. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. गळतं हे माहीत होतं, कुठे कुठे गळतं तेही माहीत होतं. बादल्या मांडून, कुलूप लावून, आम्हाला सुतळी बांधून गेला!

"मी आत्ता फोन लावते त्याला."

"नको गो," नवरा म्हणाला. "त्याला कळलां तर येऊन सगळां काढायला लावील. मग काय करशील पावसात?"

ते खरं होतं, म्हणून मी फोन लावला नाही. संध्याकाळी खाली उतरण्याआधी नवऱ्याने सुतळी होती तशी परत बांधली.

पाऊस पडला. माझ्या गॅसवर थेंब आला नाही. गणपतीला दीर सहकुटुंब आला. जाऊबाई बादल्या बाहेर घेऊन आली आणि त्यातली धूळ धुवायला विहिरीवर गेली. माझ्याकडे एकदा बघितलं तिने. दुपारी पानावर बसून दीर म्हणाला, "बगितलास दादा? वासे गेले, वासे गेले! एक थेंब नाय माझ्याकडे. तुमची आपली उगाच घाई."

"होय रे," माझा नवरा म्हणाला.

मी आमटी वाढत होते. ती नवऱ्याच्या भातावर एवढी ओतली की पानाबाहेर ओघळ गेला. तो पान आवरत बसला.

दुसऱ्या दिवशी छान ऊन पडलं. दीर अंगणात उभा राहून छपराकडे बघत होता. उन्हापावसाने सुतळी कुजून तुटली होती. बाजारात जाऊन तो नायलॉनची दोरी घेऊन आला. "दादा, तू चढतोस ना? ही बांध, म्हणजे कायमची मिटली कटकट."

आणि माझा नवरा चढला. स्वतःच्या हातांनी बसवलेल्या कौलांवरून बसल्या बसल्या सरकत आढ्यापर्यंत गेला आणि दोरी बांधायला लागला.

खालून दीर म्हणाला, "जरा तुझ्या बाजूला घे. हां, अजून थोडी."

त्याने घेतली.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, शिडी उचलली आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली.

"अगो, मी उतरू कसा?"

"बसलायत ती कौलं कुणी लावली ते सांगा आधी तुमच्या भावाला. मग लावते शिडी."

दीर म्हणाला, "काय झालां वहिनी?" उत्तर वर बसलेल्या माणसाने द्यायचं होतं. तो एकदा माझ्याकडे बघे, एकदा भावाकडे. ऊन चढत होतं, कौलं तापत होती, आणि शिडी मी दोन्ही हातांनी धरून उभी होते.