म्हातारीच्या पायऱ्या

सिमेंटला पाणी हवं. आमच्या सिंधुदुर्गात गवंड्याच्या पोराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. बांधकाम झालं की सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, सुकू द्यायचं नाही, सुकलं की गेलं. मस्कतला आल्यावर तर हे दुप्पट खरं ठरलं. तिथल्या गाला भागातल्या गॅरेजांच्या गल्ल्यांत मी भर जूनमध्ये कंपाउंडच्या भिंती बांधल्यात. त्यांना ओली गोणपाटं गुंडाळून दिवसदिवस पाइप धरून उभा राहिलोय. लोक चिडवायचे, हा भिंती बांधतो की भात लावतो? हसा लेको! माझ्या भिंतीला तडा दाखवा आणि मग हसा. असा माझा तोरा होता आणि तो मी ऊठसूट मिरवायचो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या अर्बाबने, म्हणजे कंपनीच्या ओमानी मालकाने, मला ऑफिसात बोलावलं. त्याचे चुलते जबल अख्दरच्या उंच डोंगरावर राहतात. उतारावर दगडी घर, मागे डाळिंबांची बाग. गाडी खालच्या रस्त्यावर थांबते आणि तिथून दारापर्यंत दगडी पायऱ्या आहेत. पावसाच्या लोंढ्यात त्या पायऱ्यांच्या सांध्यांतला माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट, धुऊन गेला होता आणि दगड डुगडुगत होते. त्याच पायऱ्यांवरून चुलत्यांची बायको घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. मस्कतला ऑपरेशन झालं, मग ती डोंगराखालच्या निझवा गावात लेकीच्या घरी राहिली. आता वॉकर घेऊन चालायला लागली होती आणि तिने हट्ट धरला होता की शुक्रवारी मी माझ्या घरी जाणार. लेक म्हणत होती, तिथे डॉक्टर नाही, थंडी आहे, इथेच राहा. म्हातारी ऐकेना. घर ते घर.

तर काम एवढंच होतं. पायऱ्या पक्क्या करायच्या आणि तिला हात टेकायला बाजूने कमरेएवढा दगडी कठडा उभा करायचा. मालकाने विचारलं, "शुक्रवारपर्यंत होईल?"

मी म्हटलं, "अर्बाब, झालंच समजा!"

इन्शाल्लासुद्धा म्हटलं नाही. आपण काय, जिभेला हाड नसलेली माणसं.

सोबत बिगारी म्हणून माझा गाववाला होता. आम्ही एकाच वाडीचे, इथेही एकाच खोलीत राहतो. माल कालवायला त्याच्यासारखा माणूस नाही, पण अंग मोडून काम करणं त्याच्या पत्रिकेतच नाही. डोंगराच्या पायथ्याला पोलिसांचा चेकपोस्ट आहे, त्याच्या वर साध्या गाड्या सोडत नाहीत म्हणून चुलत्यांचा मुलगा मोठी गाडी घेऊन आम्हाला न्यायला आला. त्याला बऱ्यापैकी हिंदी येत होतं. वर पोचून दार उघडलं तर असा वारा आला की गाववाला पुन्हा आत बसला.

"आवशीचो घोव! ह्यां ओमान काय काश्मीर?"

चुलत्यांना आम्ही बाबा म्हणायला लागलो. उंच, वाळकुडा म्हातारा. आधी खजूर आणि कहावा, म्हणजे त्यांची कॉफी, दिली, मग काठी टेकत पायऱ्यांपाशी घेऊन गेला. मधल्या एका पायरीवर वाकून त्याने हात ठेवला. मुलगा म्हणाला, "इधर गिरी थी अम्मा." बाबांनी बराच वेळ हात तिथून उचलला नाही. मी छाती पुढे काढून म्हटलं, "माफी मुश्किल, बाबा." म्हणजे काळजी नको.

कामाला मी वाईट नाही हो. सगळे सांधे खरवडून साफ केले, सैल दगड काढून नव्या मालात बसवले, ओळंबा लावून कठडा उचलला. दुपारी ऊन चांगलं पडायचं, स्वेटर काढावंसं वाटायचं. ऊन डोंगराआड गेलं की मात्र दातांवर दात वाजायचे. आणि बरोब्बर त्याच वेळी माझी पाणी मारायची वेळ व्हायची.

पहिल्याच संध्याकाळी गाववाला बादली ठेवून उभा राहिला. "आज नको रे पाणी. हात गळान पडतले."

माझं टाळकं सरकलं. बाबा तिथेच बसलेले, मुलगा उभा, त्यांच्यासमोर मी त्याला हिंदीतून झापला, त्यांना कळावं म्हणून. कामचोर म्हटलं. फुकटचा पगार खातोस म्हटलं. आणि त्याच्या हातातला तांब्या हिसकावून मी स्वतः प्रत्येक सांध्यावर पाणी सोडलं, अगदी देवाला अभिषेक करावा तसं. बोटं बधिर झाली. पण बाबा बघत होते ना! त्यांच्यासमोर मला केवढं बरं वाटलं.

सकाळी उठून बघतो तर पायऱ्यांवर पिठीसाखर भुरभुरवल्यासारखं पांढरं. बादलीत बर्फाची पापडी. मी जन्मात असं काही पाहिलं नव्हतं. लगेच मोबाइल काढून व्हिडिओ केला, वाडीच्या ग्रुपवर टाकला, वर माझी कॉमेंटरी, "बघा मंडळी, आपल्या माणसाचं काम, बर्फातसुद्धा!" खाली अंगठ्यांचा पाऊस. मग थापीच्या मुठीने सांध्यावर टकटक केलं. खणखणीत. दगडासारखा लागला माल. मी गाववाल्याकडे असं बघितलं की त्याने मान खाली घातली.

आता मूर्खपणा कुठे झाला ते तुम्हाला कळावं म्हणून मला चार शब्द सांगावे लागतील. थंडीत ओला माल धरत नाही, गोठतो. त्यातलं पाणी बर्फ होऊन फुगतं आणि सिमेंटला दगड पकडायच्या आतच सगळं आतून मोकळं होतं. सकाळी जे खणखणीत वाजत होतं तो माल नव्हता, बर्फ होता. त्या भिंतीला संध्याकाळी पाणी नको होतं, पांघरूण हवं होतं. दोन घोंगड्या टाकल्या असत्या तरी भागलं असतं. पण आम्ही जन्मभर उन्हाशी झगडलेले लोक. थंडीही भिंतीची वैरीण असते हे ध्यानीमनी नाही. उलट वारा कोरडा आहे, सुकून जाईल, म्हणून दुसऱ्या दिवशी मी जास्तच पाणी मारलं. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. दिवसा कोणी पाय देऊ नये म्हणून पायऱ्यांवर फळ्या टाकून ठेवल्या होत्या, कठड्याजवळ कोणाला फिरकू देत नव्हतो, त्यामुळे उन्हात काय होतंय ते माझ्याही नजरेला पडलं नाही. आणि सगळ्यांत हसण्यासारखं म्हणजे त्या आळशाचं ऐकलं असतं तर निदान थोडं तरी वाचलं असतं.

शुक्रवारी दुपारी नमाज आटोपून बाबा आणि मुलगा मशिदीतून परतले. म्हातारी लेकीच्या गाडीतून निघाली असल्याचा फोन आला होता. मी मोठ्या थाटात फळ्या उचलल्या आणि खालच्या पायरीवर पाय ठेवला.

दगड हलला.

मला वाटलं एखादाच असेल. दुसऱ्यावर पाय दिला, तोही डुलला. वाकून सांध्यात नख घातलं तर माल नखाबरोबर आला, ओला रवा यावा तसा. धावत कठड्यापाशी गेलो, वरचा दगड जरासा रेटला, तो सरळ माझ्या हातात. गाववाला जवळ आला, त्यानेही बोट फिरवून पाहिलं.

"मी तुका सांगलेलंय मा, पाणी नको म्हणान?" तो हळूच म्हणाला. मग त्यालाच कसंतरी वाटलं असावं. "पण खरां सांगतंय, माझे हात गारठत होते म्हणान सांगलंय. भिंतीचां माका काय म्हायत!"

मुलाला बोलावून मी सांगितलं, सगळा माल सुटला, चूक माझी, अम्माला या पायऱ्यांवर पाय ठेवू देऊ नका. त्याने बाबांना सांगितलं. बाबा काठी टेकत आले, कठड्यावर हात ठेवला, बोटाखालून वाळू ओघळली. त्यांनी हात काढला आणि शांतपणे झग्याला पुसला. मला वाटत होतं शिव्या घालतील. घालायला हव्या होत्या. आमच्याकडे एखाद्याने अशी माती खाल्ली असती तर त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. बाबा नुसते रस्त्याकडे बघत उभे राहिले. त्यांच्या शेजारी उभं राहणं मला अवघड झालं.

गाडी आली. लेक चालवत होती. शेजारचे दोघे-तिघे पुरुष म्हातारीला सलाम करायला बाहेर आले होते. मागच्या दारातून आधी वॉकर उतरला, मग काळ्या अबायात ती उतरली. एवढीशी बाई! मी इतके दिवस तिच्यासाठी कठडा बांधत होतो आणि माझ्या कमरेएवढा तो कठडा तिच्या छातीला लागला असता. तिने पायऱ्यांकडे बघितलं, मग मुलाकडे. मुलगा खालच्या आवाजात सांगत राहिला. मध्येच त्याने माझ्याकडे हात केला आणि तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही हो. कोण आहे बघावं म्हणून पाहिलं. मी जमिनीत गडप व्हायला तयार होतो.

काहीतरी करायलाच हवं म्हणून मी बाजूच्या खड्या, मुरमाड उतारावरून धडपडत वर गेलो आणि ओसरीतली प्लास्टिकची खुर्ची घेऊन आलो. "इसमें बिठाके हम चार आदमी ऊपर ले जाएगा," मी म्हटलं. मुलाने तिला सांगितलं. ती पटकन काहीतरी बोलली, तशी लेकीने तोंडावर ओढणी घेतली आणि शेजारी खाली बघायला लागले.

"क्या बोली?" मी विचारलं.

"बोलती है, आदमी को उठाके एक ही बार ले जाते हैं. अभी वो टाइम नहीं आया."

लेक तिला परत निझव्याला चल म्हणून विनवायला लागली. गाडीचं दार अजून उघडंच होतं. म्हातारीने वॉकर लेकीच्या हातात दिला, हळूहळू वळली, रस्त्याकडे तोंड करून सगळ्यांत खालच्या पायरीवर बसली. मग दोन्ही हात मागच्या दगडावर टेकले. ती बसल्या बसल्या, मागे सरकत, स्वतःला ओढत वर जाणार होती! ऑपरेशन झालेला खुबा घेऊन! मुलगा तिच्यामागे वाकून डुगडुगता दगड दोन्ही हातांनी दाबून धरायला बसला, लेक पाय सांभाळायला खाली.

बाबा एकच शब्द बोलले. शेजाऱ्यांनी ताबडतोब पाठ फिरवली. घरची बाई अशी जमिनीवर सरपटत जाताना परक्या पुरुषांनी बघायचं नसतं. आम्हीही वळलो. मी जिथे उभा होतो तिथे वळायला एकच बाजू होती, कठड्याची. मान खाली घातली तर समोर माझीच भिंत.

पाठीमागे कापड दगडावर घासल्याचा आवाज आला. मग धाप. लेकीचं "यल्ला, यम्मा, यल्ला", चल आई, चल. मग पुन्हा कापड. प्रत्येक वेळी ती सरकली की दगड हलायचा आणि सांध्यातून माझा माल खाली सांडायचा, वाळूचा बारीक सरसर आवाज. मी सगळ्या पायऱ्या ऐकल्या. मध्येच एकदा ती कळवळली आणि सगळं थांबलं. ती पडली ती पायरी हीच असणार, मला बघायची गरज नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं लोकांच्या भिंतींचे तडे दाखवत फिरलो होतो, आणि ही हाड मोडलेली बाई माझ्या मालावर विश्वास ठेवून डोंगर चढून आली होती. पुन्हा धाप सुरू झाली. पुन्हा वाळू.

शेवटी वर दाराची कडी वाजली. कोणीतरी अल्हमदुलिल्लाह म्हटलं. बाबा काही बोलले तसे शेजारी मोकळे होऊन वळले, हसले, वर बघून सलाम करायला लागले. वरून मुलाची हाक आली, "अम्मा बोलती है बाहर ठंडी है, तुम दोनों अंदर आओ, चाय पियो."

गाववाल्याने माझ्या कुशीत कोपर मारलं. "चल रे. बोलवतत."

मला वळवेना.