कापूस गेलेल्या खोलीतली किंकाळी

हार्ड रॉक ऐकायला काय लागतं, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, कापूस. हसू नका. आमच्या शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गुरं-अवजारं ठेवायच्या जागी, विटांची, वर पत्रे टाकलेली एक खोली होती. दिवाळीनंतर वेचणीचा कापूस तिथं पत्र्याला भिडेपर्यंत साठवायचा आणि भाव बरा आला की सेलूच्या बाजारात न्यायचा. त्या कापसात बूड रुतवून मी आणि माझा दोस्त इंग्लिश कॅसेटी ऐकायचो. आवाज कितीही वाढवा, कापूस सगळा पिऊन टाकायचा. बाहेर बांधलेल्या बैलालाही पत्ता लागत नसे.

दोस्त गावाबाहेरच्या वस्तीतला. शाळेत आम्ही एका बाकावर होतो, आता तो औरंगाबादला होस्टेलवर राहून कॉलेज करत होता. तिथल्या एका रेकॉर्डिंगवाल्याकडून तो अख्खे अल्बम कॅसेटवर भरून आणायचा. विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती ती. आधी जिल्ह्यात वस्त्या जळाल्या होत्या, ते कोणी विसरलं नव्हतं. मोर्चाची बातमी आली की पारावरची बोलणी त्याला बघून थांबायची. आमच्या ओसरीवर मी त्याला बसवू शकत नव्हतो, म्हणून आखाडा. घरचा टेप पोत्यात घालून मी न्यायचो. भीती रोजचीच होती, पण गाणी लय भारी होती, काय करणार!

त्या अल्बमांवर मी आजही तासभर बोलू शकतो, बायको उठून आत जाते ती गोष्ट वेगळी. आमचा सगळ्यात लाडका जो होता, त्याच्या कव्हरवर काय आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. कोऱ्या कॅसेटवर भरलेला, वर रेकॉर्डिंगवाल्यानं पेनानं लिहिलेलं, ‘इंग्लिश, जोराचं’. पहिल्या बाजूला सगळी ताडताड वाजणारी गाणी. ड्रमवाला असा बडवायचा, की त्याला कोणी तरी चिडवून आणून बसवलंय असं वाटावं. दुसऱ्या बाजूला मात्र एक लांबलचक गाणं होतं. आधी एकटी गिटार, अंधारात चाचपडल्यासारखी. मग खालून बेस, मग ड्रम, आणि सगळं तापत तापत जाऊन गाणारा अशी किंकाळी फोडायचा की कुणाचा तरी जीव घेतायत असं वाटायचं. शब्द नाहीत, नुसती किंकाळी, आणि संपता संपत नसे. दोस्त ती डोळे मिटून ऐकायचा. ‘ह्यो गडी आपल्या वाटचं वरडायलाय,’ म्हणायचा.

त्या दिवशी दुपारच्या एसटीनं तो बोरीला उतरला आणि शेतातून आडवा आखाड्यावर आला. कापूस आदल्या दिवशीच गाड्या भरून सेलूला गेला होता. खोली रिकामी. चला, आज ऐसपैस बसू, म्हणून आम्ही खूशच झालो. दार लावून घेतलं, टेप जमिनीवर ठेवला. ती गिटार पत्र्याला लागून परत फिरली तेव्हा आम्ही नुसते एकमेकांकडं बघत राहिलो. असा आवाज आम्ही जन्मात ऐकला नव्हता. आता, कापूस नाही म्हणजे आवाज अडवणारं काहीच नाही, एवढं शेतकऱ्याच्या पोराला कळू नये? नाही कळलं. उलट दोस्तानं आवाज पुरा सोडला.

किंकाळी फुटली आणि बाहेर कुत्री उठली. पाठोपाठ माणसांच्या पळण्याचा आवाज. मी घाबरून टेप बंद केला आणि किंकाळी मधेच तुटली. याहून वाईट काही करताच आलं नसतं, हे मला दाराच्या फटीतून बघितल्यावर कळलं.

गावाच्या बाजूनं माझा चुलता येत होता, हातात कुऱ्हाड, मागं आमचे गडी. वस्तीतलं पोरगं आखाड्याकडं गेलेलं त्यांनी पाहिलं होतं. नाल्याकडून वस्तीची माणसं येत होती काठ्या घेऊन, पुढं दोस्ताची आई, अनवाणी. तिचं लेकरू आमच्या शेतात होतं. ‘पोराला मारलं,’ हेच दोन्हीकडून ऐकू येत होतं.

‘तू आधी जा,’ दोस्त म्हणाला. मी कडीला हात घातला तर त्यानंच माझा दंड धरला. ‘नको. तू गेला की आत मी एकटाच उरतो.’ शेवटी टेप दोघांच्या मधे धरून आम्ही बरोबरच बाहेर पडलो.

चुलत्यानं मला ओढून मागं घेतलं, अंग चाचपून बघितलं. ‘कोण वरडलं?’

‘टेप,’ मी म्हणालो. कोणाचाच विश्वास बसेना.

‘लाव,’ दोस्ताची आई त्याला म्हणाली. ‘ऐकू दे समद्यायला.’

त्यानं घाईघाईत कॅसेट मागं घेतली. ती फारच मागं गेली आणि ते हळू गिटारीचं गाणं पार सुरुवातीपासून सुरू झालं. कुऱ्हाडीवाले, काठ्यावाले, सगळे गिटार ऐकत उभे. सेल उतरले तर? टेपनं पट्टी खाल्ली तर? देवा, आजच्या दिवस पट्टी अडकू देऊ नको, एवढंच मी म्हणत होतो. बेस आला. ड्रम आले. कुणी हललं नाही. आणि मग ती किंकाळी आली, अख्खी.

‘हे गाणं हाय व्हय?’ चुलता म्हणाला आणि हसायला लागला. मग सगळेच हसले, दोन्हीकडचे. मीही हसलो.

दोस्ताची आई हसली नाही. तिनं त्याचं मनगट धरलं आणि माझ्याकडं बघितलं. ‘लेकरा, आज वरडणं ऐकून समदे पळत आले. आता समद्यायला ठावं झालं, इथं टेप वाजतो. उद्या माझं लेकरू खरंच वरडलं, तर कोण येईल?’

हसणं थांबलं. मला चुलत्याकडं बघायची हिंमत झाली नाही, कारण त्याच्या हातात कुऱ्हाड अजून तशीच होती.