घशामागची पिशवी

माझ्या सासऱ्यांनी आमच्याबरोबर जेवायला बसणं सोडलं, तेव्हा मला वाटलं, माझ्या हातचं त्यांना आवडेनासं झालं. चौलला आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. ते ताट घेऊन मागच्या पडवीत जायचे आणि तासभर बसायचे. सदरा दिवसेंदिवस ढगळ होत चालला होता. विचारलं की म्हणायचे, "वय झालं गं, भूकच राहिली नाही."

एका रविवारी मी ताक द्यायला मागे गेले, तर ते पोफळीच्या बुंध्याशी ओणवे होऊन खोकत होते. समोर वालाचे अख्खे दाणे पडले होते. बिरडं आदल्या दिवशी केलं होतं.

"कधीपासून होतंय हे, बाबा?"

त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "वर्ष होईल. घास गिळला की गळ्यात गुडगुड वाजतं. चारचौघांत लाज वाटते." मग खालच्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, तुझ्या सासूचंही गळ्यापासूनच सुरू झालं होतं. मला ते नाव पुन्हा ऐकायचं नाही."

सासूबाई कॅन्सरने गेल्या, तेव्हा मी या घरात नवीन होते. मी नवऱ्याला सांगितलं आणि त्याच आठवड्यात आम्ही दोघं त्यांना मुंबईच्या इस्पितळात घेऊन गेलो.

तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी बाबांना खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध प्यायला दिलं आणि ते गिळत असताना एक्स-रे काढले. मग आम्हाला पडद्यासमोर बोलावलं.

"घशाच्या मागच्या भिंतीत दोन स्नायूंच्या मध्ये एक कच्ची जागा असते. सगळ्यांनाच असते. काकांची भिंत तिथे फुगून पिशवी झालीय. अन्न आधी तिच्यात जाऊन बसतं."

"म्हणजे कॅन्सर नाही?" नवऱ्याने विचारलं.

"तसं काही दिसत नाही. ऑपरेशनच्या वेळी आतून नीट बघूच."

"पिशवी?" बाबांनी दोनदा विचारलं आणि हसायलाच लागले. मी खुर्ची ओढून बसले.

ऑपरेशन तोंडातूनच झालं, गळ्यावर ओरखडाही नाही. आत दुसरं काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना पातळ पेज भरवली. त्यांनी घोट गिळला आणि आम्ही तिघंही कान देऊन ऐकत राहिलो.

"वाजलं नाही," ते म्हणाले.

निघताना डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. म्हातारपणी ही भिंत नेमकी का हार मानते, ते अजून पुरतं कळलेलं नाही, त्यावरच त्यांचं संशोधन चालू होतं. बाबांचे एक्स-रे त्यात वापरायला त्यांना परवानगी हवी होती.

"माझं नाव छापणार?"

"नाही काका, फक्त वय."

"मग ते तरी बरोबर लिहा. शाळेच्या दाखल्यात दोन वर्षं कमी लावलीत."

डॉक्टरीणबाईंनी आकडा खोडून नवा लिहिला. बाबांनी वळणदार सही केली.

परतीच्या लाँचमध्ये बाबा बाहेरच्या बाकावर बसले आणि शेजारच्या अनोळखी माणसाला घशाच्या भिंतीची रचना समजावून सांगू लागले. आम्ही दोघं आत टेकलो. बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली. मांडव्याच्या धक्क्याला बाबांनीच आम्हाला हलवून उठवलं.