बिनवासाच्या उदबत्त्या
उदबत्ती पेटली की मला ओल्या कोळशाच्या पिठाचा वास आठवतो. साठ सालच्या सुमाराला आम्ही बंगळुरात, चिकपेटेत एका खोलीत राहायचो. वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून आई घरी उदबत्त्या वळायची. सुगंध पुढे कारखान्यात लावत. एका सकाळी कारखान्याचा माणूस दारातूनच म्हणाला, "अक्का, आजपासून काम बंद." आईचे हात पिठात होते. "अण्णा, दसऱ्यापर्यंत म्हणाला होतात. आधी सांगायचं तरी." "नोटीस कामगारांना असते, अक्का. घरी वळणाऱ्यांना कसली?" तो गेला. भिजवलेलं पीठ वाया जाईल म्हणून आई संध्याकाळपर्यंत वळतच राहिली. न्यायला कुणी आलं नाही. वडील गेले तेव्हा उशाशी त्याच लावल्या. नुसता धूर झाला. आज माझ्याकडे चंदनाच्या असतात. त्या देवापुढे लावतो, वडिलांच्या फोटोपुढे लावायला मन धजत नाही.