सत्याच्या व्हिडिओतली वाळू

सत्या गेला त्याला आज वर्ष झालं, आणि मी अजूनही त्याच्यावर जळतो.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं, माहीत आहे. लिहितो. आधी जरा जळून घेऊ दे.

सत्या म्हणजे सतीश. वेंगुर्ल्याचा. इथं मस्कतमध्ये बौशरला एका कंपनीत स्टोअरकीपर, आणि अल खौदला आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायचा.

आम्हा दोघांना एकच वेड. हवाईदलांच्या कसरती.

पंखाला पंख लावून उडणारी विमानं, मागे धुराचे पट्टे. कुठल्याही देशाची टीम चालायची. शुक्रवारी सुट्टी, दुपारी कुणाकडे तरी सगळ्यांचं जेवण, आणि जेवण झालं की टीव्हीवर विमानं. बायका वैतागायच्या, पण उठून कुणी जायचं नाही.

मग एका वर्षी परदेशातली एक टीम खुद्द मस्कतला आली.

कुरुमच्या बीचवर शो. मी खास नवा कॅमेरा घेतला. ट्रायपॉड घेतला. भर उन्हात आधी जाऊन जागा धरली.

सत्या आरामात आला. हातात जुना हँडीकॅम, पट्टा तुटलेला, त्याला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली.

पुढच्या शुक्रवारी सत्याकडे जेवण होतं. गीतावहिनींचे कोंबडी-वडे. सगळे तुडुंब जेवले आणि टीव्हीसमोर बसले.

आधी माझा व्हिडिओ लागला.

अजिबात न हललेला. पायलटचं हेल्मेटसुद्धा दिसतंय. लोकांची बडबड नको म्हणून मूळ आवाज काढून मी वर बासरी टाकली होती.

"छान आहे," आमची रश्मी म्हणाली. "स्क्रीनसेव्हरसारखं."

माझी सख्खी बायको!

मग सत्याचा लागला.

विमानं कोपऱ्यात कुठेतरी. कॅमेरा गदागदा हलतोय. आणि सत्याचा आवाज, "इली रे इली! अरे बघा मेल्यानू!"

शोची सगळ्यात थरारक गोष्ट म्हणजे दोन विमानं समोरासमोर येतात आणि आता धडकणार असं वाटतानाच एकमेकांना घासून निघून जातात. माझ्याकडे तो क्षण काचेसारखा स्वच्छ होता.

सत्याच्या व्हिडिओत नेमकी त्याच क्षणी वाळू आली.

वाळू, कुणाची तरी चप्पल, ज्यूसचा रिकामा कॅन. आणि मागून सत्याची आरोळी, "आयशप्पथ! गेली! गेली रे!"

सगळी खोली हसून लोळली. माझी मुलगी ईशा तर डोळे पुसत होती. "काका, अगेन! परत लाव ना!"

मी म्हटलं, "अरे, नेमका तेव्हाच कॅमेरा खाली का घेतलास?"

तो म्हणाला, "कॅमेऱ्यातच बघीत ऱ्हवलंय तर मी कधी बघतलंय?"

त्यानंतर दर शुक्रवारी फर्माईश एकच. सत्याचा व्हिडिओ लाव. पोरं तर "इली रे इली" म्हणत जिने उतरायची. ज्यांना धड मराठी बोलता येत नाही, ती पोरं!

वाळू आली आणि हशा उसळला की मी चहा टाकायला आत जायचो. कुणी सांगितलेलं नसताना.

हो, एवढा जळायचो.

पुढे एकदा दुबईला शो होता, आम्ही चौघं मिळून गेलो. या वेळी मी ठरवूनच गेलो होतो. आवाज चालू ठेवला. विमानं आली तसा ओरडलो. आणि ती दोन विमानं जवळ आल्याबरोबर कॅमेरा खाली केला.

वाळू फ्रेममध्ये नीट येतेय का ते बघत राहिलो. विमानं कधी गेली कळलंच नाही.

शुक्रवारी सगळ्यांना दाखवला. कुणी हसलं नाही.

ईशा म्हणाली, "बाबा, तू अॅक्टिंग का करतोयस?"

सत्यानं मात्र माझ्या पाठीवर थाप मारली. "वाळू बरीक झकास इली हा." त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

गेल्या वर्षी ऑफिसात बसल्या बसल्या त्याच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलपर्यंतही पोचला नाही.

एअरपोर्टवर मी शेवटपर्यंत थांबलो. त्याला गावी नेणारं विमान सुटलं तेव्हा मान वर करून बघितलं. हातात काही नव्हतं.

आता गीतावहिनी वेंगुर्ल्याला असतात. आज सकाळी त्यांनी तोच व्हिडिओ ग्रुपवर टाकला.

ईशाबरोबर बघत होतो. वाळू आली. सवयीनं मी उठलो.

"बाबा, थांब ना. आता तू येणार."

"मी?"

"तू एंड कधी बघितलाच नाहीस?"

नव्हता बघितला. एवढ्या शुक्रवारांत एकदाही नाही.

वाळूनंतर कॅमेरा हळूहळू वर येतो. आकाशाकडे जातच नाही. माझ्याकडे येतो. मी ट्रायपॉडवर वाकलेलो, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

आणि सत्या बारक्या ईशाला सांगतोय, "तुझो बापूस बघ. स्वतः काय एक बघूक नाय, पण आमका सगळ्यांका दाखवतलो. ह्येचो व्हिडिओ एकदम कडक येतलो. आमचो आपलो टाइमपास."

मग मी माझा त्या दिवशीचा व्हिडिओ शोधून लावला. बीचवर सत्या माझ्या शेजारीच उभा होता ना.

कुठेच नाही. सगळं आकाश. स्वच्छ, न हललेलं.

त्याचा आवाज त्यात नक्की असणार. पण तो मी काढून टाकला होता. वर बासरी आहे.

तुझ्याकडे मी आहे, सत्या. माझ्याकडे तू नाहीस.

इथंही तूच जिंकलास, मेल्या. जळतोय मी, आणि रडतोय.

जा आता. वर असशील तर एकदम जवळून दिसत असेल सगळं.

कॅमेरा नको धरूस. डोळ्यांनी बघ.